वेब ॲप्लिकेशनचा नवा प्रोजेक्ट कसा मांडावा

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत टँकरच्या नोंदी वॉचमनकाका वहीत करायचे. त्या वहीच्या जागी मी जँगोमध्ये (पायथॉन भाषेत वेब ॲप्लिकेशन लिहिण्याचा तयार सांगाडा) एक छोटं वेब ॲप्लिकेशन लिहिलं. पहिल्याच महिन्यात टँकरवाल्याचं बिल आणि आमची नोंद जुळेना. १ तारखेला पहाटे ४ वाजता आलेला टँकर आमच्या नोंदीत आदल्या महिन्यात, रात्री साडेदहाला आलेला दिसत होता. माझा सगळा कोड बरोबर होता, पण प्रोजेक्ट मांडताना एक ओळ बदलायची राहिली होती. कोडला हात घालण्याआधीचा तासभर किती मोलाचा असतो, ते मला तेव्हा कळलं.

सुरुवात पायथॉनपासून. तो त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली पायथॉन ‘पाथ’मध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या जागांच्या यादीत) घालण्याचा चौकोन दिसला, तर तिथे टिक करा. ती राहिली की टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) पायथॉनला ओळखतच नाही.

मग प्रोजेक्टसाठी नवा फोल्डर करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. क्लाउडवर आपोआप सिंक होणारा फोल्डर टाळा, कारण पुढे त्यात हजारो बारीक फाइली येणार आहेत. हा फोल्डर व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये उघडा आणि तिथलंच टर्मिनल वापरा.

आता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांची वेगळी जागा. एकाच ओट्यावर दोन घरांचा स्वयंपाक केला की डबे अदलाबदल होतात. तसंच एका प्रोजेक्टला जुना जँगो लागतो, दुसऱ्याला नवा, आणि दोघं एकमेकांचं बिघडवतात. म्हणून प्रत्येकाचा ओटा वेगळा. टर्मिनलमध्ये ‘पायथॉन -एम व्हेन्व .व्हेन्व’ ही कमांड द्या (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत, मॅकवर पायथॉनच्या पुढे ३). मग विंडोजवर ‘.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’ किंवा मॅक-लिनक्सवर ‘सोर्स .व्हेन्व/बिन/ॲक्टिव्हेट’. ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘.व्हेन्व’ दिसलं की तुम्ही योग्य ओट्यापाशी आहात. टर्मिनल नव्याने उघडलं की दरवेळी आधी हा कंस बघा. ‘मॉड्यूल सापडलं नाही’ ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते.

‘पिप इन्स्टॉल जँगो’ केलं (पिप म्हणजे पायथॉनची पॅकेजं आणून बसवणारं साधन) की पुढची कमांड: ‘जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट कॉन्फिग .’ शेवटचं टिंब विरामचिन्ह नाही, कमांडचाच भाग आहे आणि त्याच्याआधी एक जागा सोडायची. ‘इथेच, याच फोल्डरमध्ये’ असा त्याचा अर्थ. ते विसरलात तर फोल्डरात फोल्डर तयार होतात आणि ‘मॅनेज.पीवाय’ कुठे गेली ते शोधत बसावं लागतं.

नंतर ‘पायथॉन मॅनेज.पीवाय मायग्रेट’ आणि ‘पायथॉन मॅनेज.पीवाय रनसर्व्हर’. पहिल्या कमांडने एसक्यूलाइटचा डेटाबेस तयार होतो, दुसरीने सर्व्हर सुरू होतो. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८००० उघडा. रॉकेट दिसलं की पाया भरला.

इथे थांबून ‘सेटिंग्ज.पीवाय’ उघडा. ‘टाइम_झोन’पुढे ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) असतं, तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहा. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून पहाटेचा टँकर आदल्या रात्रीत जातो. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की टँकर अवेळी येतात, त्यामुळे चूक चटकन डोळ्यांवर आली. तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये ती महिनोन्‌महिने लपून राहू शकते. शेजारची ‘यूज_टीझेड’ मात्र तशीच ठेवा.

शेवटी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं साधन; त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे एक कमिट. ‘गिट इनिट’ करा, पण पहिल्या कमिटआधी ‘.गिटइग्नोर’ फाइल (गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी) बनवून त्यात तीन नावं लिहा: ‘.व्हेन्व’, ‘डीबी.एसक्यूलाइट३’ (डेटाबेसची फाइल) आणि ‘.एन्व्ह’ (गुपितं ठेवायची फाइल). आमच्या डेटाबेसमध्ये शंभरेक घरांचे फोन नंबर होते. असा डेटा एकदा कमिट झाला की नंतर फाइल काढून टाकली तरी इतिहासात राहतो. ‘सेटिंग्ज.पीवाय’मधली ‘सीक्रेट_की’, म्हणजे ॲप्लिकेशनची गुप्त किल्ली, हीही अशीच जपायची. जँगोने दिलेली की सरावापुरती ठीक आहे. ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवताना मात्र नवी की बनवा, ती कोडमध्ये न ठेवता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर, सर्व्हरवर ठेवलेल्या मूल्यातून) वाचा, आणि चुकांचे तपशील पानावर दाखवणाऱ्या ‘डीबग’ला ‘फॉल्स’ करा.

‘पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ चालवून बसवलेल्या पॅकेजांची यादी फाइलीत उतरवा आणि ती फाइलही कमिटमध्ये घ्या. मग ‘पायथॉन मॅनेज.पीवाय स्टार्टॲप टँकर’ द्या, ‘सेटिंग्ज’मधल्या ‘इन्स्टॉल्ड_ॲप्स’ यादीत ‘टँकर’ जोडा, आणि पहिलं मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्त्याची रचना) लिहायला घ्या.