आडसालीची लागण, गोठ्याचं पाणी आणि पंचगंगा

कोल्हापूरच्या पंचगंगेत केंदाळ (जलपर्णी) माजलं, मासे तरंगले की आपण शहराच्या सांडपाण्याकडं बोट दाखवतो. ते खोटं नाही. पण आडसालीच्या, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या उसाच्या, तोंडावर आपल्या बांधाखालच्या ओढ्याकडंही एकदा बघा. रानातला युरिया आणि गोठ्यातलं मूत, दोन्हींतला नत्र त्याच वाटेनं नदीला लागतो.

आडसालीला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६०. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र साधारण २०.७ किलो. लागणीला, म्हणजे ऊस लावताना, एकूण नत्राचा दहावा हिस्साच द्यायचा. युरियातून दिला तर एकरी पाऊण पोतं. आपल्याकडं मात्र "पाऊस हाय, विरघळंल" म्हणत दोन-दोन पोती विस्कटतात. विरघळतोय की! पण लावलेल्या उसाच्या कांडीला अजून मुळ्याच नाहीत, घेणार कोण? युरियाचं शेवटी नायट्रेट होतं आणि ते मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर निघून जातं. ४० टक्क्यांचा हप्ता सहा ते आठ आठवड्यांनी असतो. जुलैच्या लागणीला तोवर सप्टेंबर उजाडतो, पावसाचा जोर ओसरलेला असतो. तेव्हा वापसा (माती ना चिखल, ना कोरडी) बघून द्या आणि मातीआड करा. सहा भाग युरियाला एक भाग निंबोळी पेंड चोळली तर आणखी बरं.

आता गोठा. शेण आपण पाटी-पाटी गोळा करतो, मूत सोडून देतो. जनावर बाहेर टाकतं त्यातला जवळपास निम्मा नत्र मुतातच असतो. धारा झाल्या की पाइप लावून गोठा धुतात, पिवळट फेसाळ पाणी गटारीनं ओढ्याला जातं. कुणाला काही वाटत नाही. धुण्याआधी म्हशींखाली पाचट (उसाचा वाळलेला पाला) पसरा. भिजलेलं पाचट उकिरड्यात टाका, खत लवकर कुजतं. गटारीच्या तोंडाशी खड्डा घ्या. उकिरडा मात्र पूररेषेच्या वर हवा. २०१९ आणि २०२१ला पाणी कुठवर आलं होतं, हे गावात कुणालाही विचारा.

उन्हाळ्यात नदीवरच्या बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात, पाणी साचून राहतं, या नत्रावर शेवाळ वाढतं. रात्री तेच पाण्यातला प्राणवायू ओढतं, त्यात अमोनियाची भर पडली की मासे मरतात.

ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी पीत असाल तर नायट्रेट तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. नायट्रेटचा धोका तान्ह्या बाळाला जास्त, म्हणून घरात बाळ असेल तर लागणीआधी हे काम उरकून घ्या.