संकरित भाताचे आई-बाप निवडताना या चुका टाळा

टेस्ट क्रॉसची (पराग वांझ असलेल्या मातेशी नवा बाप जुळवून केलेल्या चाचणी संकराची) ओळ दाण्यांनी वाकलेली दिसली की वहीत बापापुढे ‘आर’ (रिस्टोरर, म्हणजे संकराची सुपीकता परत आणणारा) लिहून मोकळे व्हायचे, ही सर्वांत महाग पडणारी घाई. लोंबीला पिशवी घातली नसेल तर त्या दाण्यांवरून काहीच ठरत नाही. वंध्य फुलाची तुसे जास्त वेळ उघडी राहतात आणि शेजारच्या ओळीचा पराग आयताच येऊन पडतो. त्यामुळे अर्धवट वंध्य संकर भरलेला दिसतो, निवडला जातो आणि पुढे शेतकऱ्याच्या सलग शेतात पोचट निघतो. उलटही होते. एफ१ (संकराची पहिली पिढी) पूर्ण वंध्य, म्हणजे बाप उत्तम मेंटेनर, मातेची वंध्यता टिकवणारा. पण लोंबीत उपऱ्या परागाचे दहा-वीस दाणे दिसले म्हणून तो बाद होतो. ज्याच्यापासून नवी ए लाइन (वंध्य माता) तयार झाली असती, तोच कचऱ्यात.

म्हणून निसवतानाच प्रत्येक झाडाच्या दोन-तीन लोंब्यांना बटर पेपरच्या पिशव्या घाला. सकाळी फुले उमलण्याआधी लोंबीच्या वरच्या भागातली चार-पाच फुले घ्या, परागकोश १ टक्का आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या थेंबात चिरडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली किमान तीन जागी मोजा. गोल, काळेभोर कण जिवंत; सुरकुतलेले, न रंगलेले वंध्य. जिवंत कण ८० टक्क्यांच्या वर आणि पिशवीतले भरलेले दाणे ७५च्या वर, तरच रिस्टोरर. जिवंत कण १ टक्क्याच्या आत असतील तर मेंटेनर. मधल्यांवर दया दाखवू नका. आरएफ३, आरएफ४ या सुपीकता परत आणणाऱ्या जनुकांचे मार्कर (डीएनएतल्या खुणा) गर्दी कमी करायला ठीक आहेत. त्यांच्या जोरावर टेस्ट क्रॉसच टाळणारे नंतर पस्तावतात.

दुसरी चूक पातेल्यात कळते. संकरित झाडावरचा दाणा एफ२ पिढीचा असतो. तूस त्या एफ१ झाडाचे, म्हणून लांबी-जाडी एकसारखी. आतला स्टार्च मात्र दाण्यागणिक वेगळा. आईचे अमायलोज (स्टार्चमधला भात मोकळा, टणक करणारा घटक) कमी आणि बापाचे जास्त असेल तर एकाच भातात काही शिते मऊ, काही टणक. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची आयआर ५८०२५ ए ही माता भारतात भरपूर वापरली गेली. कर्जतच्या ‘सह्याद्री’ या संकरित भाताची आईही तीच. लाइन स्थिर, पण तिचा हलका वास आणि चिकटपणा दक्षिणेतल्या मोकळा भात खाणाऱ्यांना रुचला नाही. तेव्हा जोड्या जमवण्याआधीच दोन्ही बाजूंचा तांदूळ शिजवून पाहा. अमायलोज दोघांचेही २० ते २५ टक्क्यांत असलेले बरे.

आई-बापाच्या सरासरीवर काढलेला हेटरोसिस (संकराची वाढीव ताकद) फक्त सादरीकरणात शोभतो. समजा आई-बाप ४० आणि ३० क्विंटलचे, संकर ४५चा: वाढ जवळपास २९ टक्के! शेजारी ५० क्विंटल देणारा प्रचलित वाण उभा असेल तर ती वाढ कुणाच्या कामाची? तुलना तेवढ्याच दिवसांच्या वाणाशी करा.

संकराला चुडात एक रोप आणि तुल्य वाणाला चार, अशी लावणी करून निकाल लिहू नका.

आई-बापाचा एका हंगामात जुळलेला फुलोरा दुसऱ्यात जुळेल असे समजू नका. खरीप आणि उन्हाळी दोन्हीत दिवस मोजा.

लोंबी ध्वजपानात अडकणारी ए लाइन जिब्रेलिक आम्लाच्या (लोंबी बाहेर काढायला फवारायच्या संजीवकाच्या) भरवशावर घेऊ नका, आणि मातेपेक्षा बुटका बाप तर नकोच. त्याचा पराग खालीच जातो.