पॅनेलच्या दाराचं अर्थिंग बिजागरीवर सोडू नका

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या शेडमध्ये बनणाऱ्या कंट्रोल पॅनेलची (यंत्रं चालवणाऱ्या विजेच्या पेटीची) आतली वायरिंग देखणी असते. दाराचं अर्थिंग मात्र कधीकधी बिजागरीच्या भरवशावर. पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला रंग) म्हणजे इन्सुलेशनच, त्यात बिजागरीत ग्रीस! दारावर 230 व्होल्टचे दिवे, मीटर असतील तर दाराला वेल्ड केलेल्या स्टडवरून (आटे असलेल्या खुंटीवरून) हिरवी-पिवळी लवचीक वायर बॉडीला न्याच. दार पूर्ण उघडल्यावर ती ताणली जाते का, तेही बघा. स्टडला मास्किंग करायचं, म्हणजे रंग लागू नये म्हणून तो झाकायचा, हे ड्रॉइंगवरच लिहा, तोंडी सांगितलेलं पेंटशॉपमध्ये कोण लक्षात ठेवतो? मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका, वायरीतली एकच बारीक तार टेकलेली असली तरी तो वाजतो. आयईसी 61439 या पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान 10 अँपिअर सोडू शकणाऱ्या मीटरने मोजा, रेझिस्टन्स 0.1 ओहमपेक्षा जास्त नको.