हिमोग्लोबिन वाढत नाही, थकवा जात नाही? किडनीच्या रुग्णांनी या चुका टाळा

किडनीच्या रुग्णाला थकवा जाणवू लागला की घरचे म्हणतात, "रक्त कमी झालंय, लोहाच्या गोळ्या सुरू करा." रक्त कमी झालेलं असतं हे बहुतेकदा खरं, पण नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येईलच असं नाही. अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीत बनतं. किडनी निकामी होत गेली की ते कमी पडतं. त्यात भर म्हणजे, एरवी साधारण 120 दिवस टिकणाऱ्या तांबड्या पेशी या आजारात लवकर मरतात. म्हणूनच डॉक्टर याच संप्रेरकाचं, म्हणजे ईपीओचं (रक्तवाढीचं) इंजेक्शन देतात.

इंजेक्शन चालू आहे, पण लोह तपासलेलंच नाही

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, असं माझं मत आहे. इंजेक्शन पेशी बनवण्याचा हुकूम देतं, पण लोह नसेल तर पेशी बनणार कशातून? मग हिमोग्लोबिन हलत नाही, डोस वाढवला जातो आणि तरीही फरक पडत नाही. डोस वाढवण्याआधी दोन तपासण्यांचे आकडे हातात हवेत : फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज, आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाचं प्रमाण, ज्याला थोडक्यात टीसॅट म्हणतात.

इथे एक गफलत हमखास होते. फेरिटिन भरपूर दिसलं की "लोह चांगलं आहे" असा निष्कर्ष काढला जातो. पण शरीरात कुठे जंतुसंसर्ग किंवा सूज असली तरी फेरिटिन वाढतं. अशा वेळी यकृतात तयार होणारं हेप्सिडिन लोहाचा साठा कोंडून ठेवतं : कोठारात धान्य आहे, पण कुलूप लागलेलं. टीसॅट 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर फेरिटिन बरं दिसत असूनही अस्थिमज्जेपर्यंत पुरेसं लोह पोचत नसण्याची शक्यता असते. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायचे.

लोहाच्या गोळ्या घेत असाल तर वेळ सांभाळा. फॉस्फरस कमी करण्यासाठी जेवणासोबत दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीची औषधं, चहा आणि कॉफी, हे सगळं लोहाचं शोषण कमी करतं. अनेक रुग्ण सोयीसाठी सगळ्या गोळ्या एकाच घोटात घेतात, आणि लोह तसंच शौचावाटे निघून जातं. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. डायलिसिसवर असलेल्यांना बहुधा शिरेतूनच लोह द्यावं लागतं. मात्र ताप असेल किंवा कॅथेटरच्या (डायलिसिससाठी शिरेत बसवलेल्या नळीच्या) जागी पू, लाली असेल, तर लोह लावण्याआधीच सांगा. जंतुसंसर्ग चालू असताना ते सहसा थांबवतात.

हिमोग्लोबिन 14 व्हायलाच हवं, हा हट्ट

निरोगी माणसाचा आकडा इथे लागू होत नाही. ईपीओ देऊन हिमोग्लोबिन पार 13 च्या वर नेलं तर काय होतं, हे 2006 आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत तपासलं गेलं. अपेक्षित फायदा दिसला नाही, उलट पक्षाघातासारखे धोके वाढल्याचं आढळलं. त्यामुळे हे इंजेक्शन घेणाऱ्या बहुतेक रुग्णांत 10 ते 11.5 च्या आसपास थांबतात. "अजून कमीच आहे" म्हणून जादा डोस मागू नका.

याची दुसरी बाजूही आहे. आकडा 11 झाला की परस्पर इंजेक्शन बंद करणारे खूप. किडनी संप्रेरक बनवायला लागलेली नसते, त्यामुळे काही आठवड्यांत हिमोग्लोबिन पुन्हा घसरतं. आणि दोन डोसनंतर "गुण येत नाही" म्हणून सोडणंही चूकच, कारण परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात.

इंजेक्शनमुळे रक्तदाब वाढू शकतो, म्हणून घरी मोजत राहा. नवीन डोकेदुखी सुरू झाली तर अंगावर काढू नका. सिरिंज 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची. ती बर्फाच्या कप्प्यात गेली आणि गोठली, तर नंतर वितळवूनही वापरायची नाही. जोरात हलवायचीही नाही.

रक्त चढवून घेऊ, म्हणजे एकदाचं भागेल

जीवावर बेतलं असेल तर रक्त चढवावंच लागतं. पण किडनी प्रत्यारोपणाचा विचार असेल तर प्रत्येक पिशवीआधी विचारा. परक्या रक्तामुळे शरीरात अँटिबॉडीज तयार होऊ शकतात आणि मग जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

रक्तवाढीसाठी भाज्या-फळांचे रस सुरू करण्याआधीही आहारतज्ज्ञांना विचारा. त्यातलं पोटॅशियम तुम्हाला झेपेलच असं नाही.

सगळं नीट चालू आहे, तरी आकडा वाढत नाही

मग रक्त कुठे जातंय ते शोधा. डायलिसिस संपल्यावर डायलायझरकडे, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याकडे, एकदा नजर टाका. आतल्या बारीक नळ्यांचा गुच्छ फिकट दिसायला हवा. दर वेळी त्यात लाल-काळे पट्टे राहत असतील, तर तुमचं रक्त तिथेच गोठून वाया जातंय. टेक्निशियनला दाखवा आणि हेपरिनबद्दल, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाबद्दल, विचारा. याशिवाय पोटातला रक्तस्राव, अपुरं डायलिसिस, वाढलेलं पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक), बी12 किंवा फोलेटची कमतरता हीसुद्धा कारणं असतात. अंगदुखीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही पोटात रक्तस्राव करू शकतात.

रिपोर्टची तुलना करताना नमुना नेहमी डायलिसिसच्या आधी घेतलेला असावा. अंगात पाणी साठलं की रक्त पातळ होऊन आकडा कमी दिसतो, पाणी काढल्यावर तोच वर जातो. मधुमेह असेल तर आणखी एक लक्षात ठेवा : ईपीओ किंवा लोह सुरू झाल्यावर तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. ग्लुकोमीटरवर विसंबा.

हिमोग्लोबिन 11 आहे, तरी उठवत नाही

हे ऐकून घरचे कधी कधी म्हणतात, "रिपोर्ट तर चांगला आहे, मग मनाचे खेळ असतील." असं म्हणू नका, थकवा खराच असतो. दोन डायलिसिसच्या मधे जास्त पाणी साठलं तर ते एका बैठकीत ओढून काढावं लागतं, आणि रक्तदाब पडून रुग्ण पूर्ण दिवस गळून जातो. अशा वेळी मीठ-पाण्याचा हिशेब आणि ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून टाकल्यावरचं वजन, पुन्हा तपासायला हवं. रात्री पायांत होणारी अस्वस्थ तडफड, घोरताना श्वास अडकणं, नैराश्य, भीतीपोटी प्रथिनं फारच कमी केल्याने झिजलेले स्नायू, रक्तातलं वाढलेलं आम्ल, थायरॉइड, या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. डॉक्टरांना नुसतं "थकवा येतो" सांगू नका. कधी येतो, डायलिसिसनंतर की रोज सकाळी, झोप कशी लागते, पूर्वी जमायचं असं कोणतं काम आता जमत नाही, हे लिहून न्या.

काळी शौच, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं, किंवा डायलिसिस चुकल्यानंतर हातापायांतली ताकद अचानक जाणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. शेवटच्या लक्षणामागे वाढलेलं पोटॅशियम असू शकतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. तेव्हा थेट रुग्णालयात जा.