जुन्या रबरी पिशवीवरून कंपनीचा इतिहास कसा शोधायचा

नागपुरात जुनी घरं आवरायला काढली, महाल-इतवारीकडे तर हमखास, की शेकायची रबरी पिशवी नाहीतर आईस बॅग खोक्यासकट निघते. खोकं फेकू नका प्लीज, आत बिल असेल तर तेही जपा, सगळा इतिहास तिथेच छापलेला असतो.

आधी कंपनीचं नाव-पत्ता पाहा. आपल्याकडे बऱ्याच पिशव्या डकबॅकच्या निघतात, म्हणजे बंगाल वॉटरप्रूफ, सुरेंद्र मोहन बोस यांनी १९२० मधे कोलकात्यात सुरू केलेली स्वदेशी कंपनी, रेनकोटही त्यांचेच. पण तुमची पिशवी कधीची?

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. किंमत आण्यांत असेल तर बहुतेक एप्रिल १९५७ च्या आधीची, आणि ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते ६४ मधली.

बिल मिळालं तर मजाच, कारण नागपूरचं राज्यच तीनदा बदललंय. ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत-वऱ्हाड) असेल तर १९५० च्या आधी छापलेलं, मग मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. फक्त एक लक्षात ठेवा, दुकानदार जुनी बिलबुकं संपेपर्यंत वापरायचे त्यामुळे राज्याच्या नावावरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच पक्कं धरा.

आता कंपनी. कंपनी खात्याच्या एमसीए वेबसाइटवर नाव टाका, २१ अक्षर-आकड्यांचा सीआयएन म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक मिळेल, त्यात राज्याच्या दोन अक्षरांनंतरचे चार आकडे म्हणजे नोंदणीचं साल. इथे खूप लोक फसतात, कारण धंदा आधी भागीदारीत किंवा घरगुती सुरू होतो आणि लिमिटेड कंपनी नंतर होते, म्हणून हे साल स्थापनेचं म्हणून लिहू नका. नंतर जुन्या लायब्ररीत हितवाद, तरुण भारतच्या फायली असतील तर जाहिराती चाळा नं, पावसाळ्याच्या तोंडावरचे अंक आधी घ्या कारण रेनकोटच्या जाहिराती तेव्हाच यायच्या.

पिशवीत गरम पाणी मात्र भरू नका, जुनं रबर कडक होऊन तडकतं आणि एकदम फुटलं की चांगलंच भाजतं. कोरडी करा, टाल्कम पावडर लावा, घडी न घालता सपाट ठेवा, आणि आपल्या मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत तर अजिबात नाही.