पास डिफेन्स गळतोय? कॉर्नरबॅकला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

परवा रात्री भाच्याने सहा सेकंदांची एक क्लिप पाठवली. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या फुटबॉल टीमला (हेल्मेटवाला, अमेरिकन फुटबॉल) व्हिडिओच्या कामात मदत करतो. क्लिपखाली लिहिलं होतं, "मामा, आमचा हा कॉर्नर बघ. दर मॅचला बुडवतोय आम्हाला." क्लिप सुरू होते तेव्हा बॉल आधीच क्वार्टरबॅकच्या, म्हणजे फेकणाऱ्याच्या, हातात आहे. रिसीव्हर (फेक पकडणारा) आत वळतो, त्याला कडेला अडवणारा कॉर्नरबॅक, म्हणजे कॉर्नर, दोन पावलं मागे पडतो, टचडाऊन.

मी लगेच उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तोंडून काहीतरी गेलं असतं, आणि त्याची आई माझी मोठी बहीण आहे.

नोकरीसाठी ओहायोत आलो तेव्हा शेजारच्या एका छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजला फिल्म काढून कापणारा माणूस हवा होता. तिथे खेळावर स्कॉलरशिप नसते, मग व्हिडिओवाल्याला पगार कुठून असणार? आठ सीझन फुकट केलं ते काम. दरवर्षी सप्टेंबरचा शेवट आला की तेच रडगाणं: पास डिफेन्स, म्हणजे फेकी अडवणारा बचाव, गळतोय, काय करू? आणि दरवर्षी माणसं त्याच चुका त्याच क्रमाने करतात.

यार्ड मोजत बसणं

पहिला अडाणीपणा म्हणजे "दर मॅचला पासवर किती यार्ड दिले" हा आकडा बघून छाती बडवणं. कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकचे (फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्यावर बुडालेले) यार्ड समोरच्या टीमच्या रनिंगमधून वजा होतात, पासिंगमधून नाही. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, उलट. म्हणजे तुमच्या पोरांनी क्वार्टरबॅकला सहा वेळा आडवा केला तरी पासचा आकडा एका यार्डानेही सुधारत नाही. वर तुम्ही २१ गुणांनी पुढे असाल तर समोरचा शेवटचा अर्धा तास फेकतच राहणार. मी दोनच गोष्टी बघतो: एका फेकीमागे किती यार्ड गेले, आणि २० यार्डांच्या वरच्या फेकी किती झाल्या. पहिला आकडा सातच्या आत असला तर मी निवांत झोपतो. हे शास्त्र नाही, माझी सवय आहे.

कॉर्नरला फासावर चढवणं

ही माझी दुखरी नस आहे, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो. बॉल येतो तेव्हा चित्रात दोनच माणसं उरतात, रिसीव्हर आणि कॉर्नर. मग स्टँडमधले काका, बाजूला उभे असलेले कोच आणि पोराचा बाप, सगळे एकाच माणसाकडे बोट दाखवतात. कबड्डी बघितलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये. कोपरारक्षक पाय पकडायला झेपावतो तो साखळीतला जोडीदार आतून येणार या भरवशावर. जोडीदार आलाच नाही तर रेडर सुटतो, आणि लोक म्हणतात कोपऱ्याची पकड ढिली.

एका सीझनला पहिल्या तीन मॅचमध्ये आमच्यावर चार टचडाऊन पडले, सगळे एकाच कोपऱ्यातून. तिथला कॉर्नर दुसऱ्या वर्षाचा, शांत पोरगा होता, केमिस्ट्री शिकायचा. तिसऱ्या मॅचनंतर डिफेन्सच्या कोचनी त्याला बाकावर बसवला आणि चौथ्या वर्षाचा एक दांडगा कॉर्नर उभा केला. पुढच्या शनिवारी त्याच कोपऱ्यातून पाचवा टचडाऊन. हुबेहूब तसाच.

त्या रात्री मी फिल्म पुन्हा काढली, आणि तेव्हा माझीच लाज वाटली. वेळ वाचावा म्हणून मी प्रत्येक क्लिप स्नॅपपासून (बॉल मागे देऊन खेळी सुरू होते तिथून) कापत होतो. स्नॅपच्या आधीचे चार-पाच सेकंद उडवायचे, की दीडशे क्लिपमागे दहा मिनिटांचं बघणं वाचतं, असा माझा हिशोब. कोचना आवडायचं, पोरांनाही आवडायचं. मूळ फिल्म लावली तर सगळं त्याच चार सेकंदांत पडलेलं होतं.

आम्ही क्वार्टर्स खेळायचो. मागे चार जण, प्रत्येकाकडे मैदानाचा एक उभा पट्टा. त्यात कॉर्नर रिसीव्हरच्या बाहेरच्या अंगाला उभा राहतो, कारण आतली बाजू सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, सांभाळणार असतो. आता मैदानाकडे बघा. रुंदी ५३ यार्ड आणि एक फूट. कॉलेजच्या मैदानावरच्या हॅशच्या खुणा (बॉल यांच्यावर किंवा यांच्या आत ठेवूनच खेळी सुरू होते) दोन्ही कडांपासून २० यार्डांवर असतात, एनएफएलपेक्षा खूपच लांब लांब. बॉल एका हॅशवर असला की एका बाजूला २० यार्ड आणि दुसऱ्या बाजूला ३३ उरतात. समोरची टीम काय करायची? स्नॅपच्या आधी एका रिसीव्हरला चालवत रुंद बाजूला न्यायची. तिकडे तीन झाले, आमच्या अरुंद बाजूला एकच उरला. असं झालं की आमच्या अरुंद बाजूच्या सेफ्टीने नजर पलीकडच्या तिसऱ्या रिसीव्हरवर न्यायची, तो सरळ वर धावला तर त्याला धरायचं. म्हणजे इकडचा कॉर्नर आता एकटा. त्याने पटकन आतल्या अंगाला सरकायला हवं.

सेफ्टी बरोबर फिरत होता. कॉर्नरला इशाराही करत होता, एक मूठ, कमरेपाशी. पण कॉर्नरची नजर रिसीव्हरच्या कमरेवर, कारण तसंच शिकवलेलं. मूठ त्याला दिसलीच नाही. तो बाहेरच्या अंगाला तसाच उभा, आतून कोणी येणार या भरवशावर. रिसीव्हरने आत वळण घेतलं की पुढे मोकळं रान. पाच टचडाऊनपैकी चारमध्ये हेच. उरलेल्या एकात कॉर्नर घसरून पडला होता, ते सोडा.

सोमवारी मी कोचना अख्ख्या क्लिप दाखवल्या. त्यांनी दोनदा बघितल्या, मग म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंस?" उत्तर माझ्याकडे होतं, पण दिलं नाही.

उपाय फार साधा निघाला. इशारा गेला की समोरून तोच इशारा परत यायला हवा. नाही आला तर सेफ्टीने हाक मारायची, तरीही नाही तर फिरायचंच नाही, जुन्याच कव्हरेजमध्ये (कोणी कोणाला सांभाळायचं त्या मांडणीत) राहायचं. दोघं मिळून चुकलेले परवडतात. दर मंगळवारी दहा मिनिटं बॉलशिवाय सराव: समोर फक्त रिसीव्हर इकडून तिकडे चालणार, आणि आमचे सात जण फक्त हात करणार. पोरांना भयंकर कंटाळा यायचा. पहिल्या आठवड्यात एकाने विचारलंसुद्धा, की हे नाचाचे क्लास आहेत का. उरलेल्या मॅचपैकी दोन आम्ही तरीही हरलो, पण तो टचडाऊन पुन्हा पडला नाही.

तेव्हापासून मी क्लिप हडल (खेळीआधीचं खेळाडूंचं कडं) फुटल्यापासून कापतो. कोणाला लांब वाटली तर त्याने चहा घ्यावा.

पोर्टलमधून नवा कॉर्नर आणू

पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. २०२१ पासून कॉलेज बदललेल्या पोरांना वर्षभर बसून राहावं लागत नाही, तेव्हापासून हा रोग बळावला आहे. आणा खुशाल. मूठ त्यालाही दिसणार नाही.

दर सोमवारी नवं औषध

मार खाल्ला की कोच दोनपैकी एक करतो. एक तर जास्त ब्लिट्झ लावतो (क्वार्टरबॅकवर जादा माणसं धाडतो), नाहीतर नवीन तीन कव्हरेज आणतो. दोन्ही आळस आहे, फक्त मेहनतीच्या कपड्यातला.

२६ सप्टेंबर २०२० ची मॅच ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल. बॅटन रूजमध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट), म्हणजे आदल्या सीझनचे राष्ट्रीय विजेते. समोर मिसिसिपी स्टेट, कोच माइक लीच यांची तिथली पहिलीच मॅच. लीच यांचा एअर रेड, म्हणजे सतत फेकत राहणारा हल्ला, कसा चालतो हे तोवर जगजाहीर होतं. रिसीव्हर एकमेकांना घासून आडवे पळतात, त्यामुळे मॅन टू मॅन (एकाने एकाच्या मागे) खेळणारे बचावपटू एकमेकांत अडकतात. एलएसयूने तरीही बराच वेळ मॅन टू मॅनच लावून धरलं. त्यांचा हुकमी कॉर्नर डेरेक स्टिंगली त्या दिवशी नव्हता, हे खरं. पण मिसिसिपी स्टेटचा क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलोने त्या दिवशी ६२३ यार्ड फेकले, साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा (या टीम ज्या गटात खेळतात त्याचा) विक्रम. मिसिसिपी स्टेट ४४-३४ ने जिंकली.

पुढच्याच शनिवारी त्याच मिसिसिपी स्टेटसमोर आर्कान्सा उभी राहिली, कॉन्फरन्समध्ये सलग २० मॅच हरलेली टीम. त्यांनी पुढे तिघांनाच सोडलं आणि आठ जण मागे झोनमध्ये ठेवले. आडव्या पळणाऱ्यांच्या मागे धावायचं नाही, आपल्या जागेत बसायचं आणि क्वार्टरबॅकचे डोळे बघायचे. कॉस्टेलोच्या तीन फेकी बचावपटूंनीच पकडल्या (यालाच इंटरसेप्शन म्हणतात), २१-१४ ने आर्कान्सा जिंकली. त्याच्या पुढच्या आठवड्यात केंटकीने सहा इंटरसेप्शन घेऊन २४-२ असा धुव्वा उडवला. ते दोन गुणही सेफ्टीचे (इथे खेळाडू नव्हे, समोरच्याचा बॉल त्याच्याच टोकाला अडकला की डिफेन्सला मिळणारे गुण), म्हणजे मिसिसिपी स्टेटच्या ऑफेन्सने शून्य केले.

हे सांगितलं की नवशिक्यांचे डोळे चमकतात. "मग आपण पण आठ मागे टाकू!" थांबा. आयोवा स्टेटने २०१७ मध्ये डिफेन्सचे कोच जॉन हीकॉक यांच्या हाताखाली तीन सेफ्टी मागे ठेवणारी रचना बसवली आणि त्या ऑक्टोबरमध्ये नॉर्मनला जाऊन तिसऱ्या क्रमांकाच्या ओक्लाहोमाला त्यांच्याच घरी ३८-३१ ने हरवलं. पण मग त्यांनी ती रचना वर्षानुवर्षं घासली. तिच्यासाठी पोरं निवडली, रन कसा थांबवायचा हे त्याच रचनेतून शिकवलं. तुम्ही बुधवारी यूट्यूबवर बघणार आणि शनिवारी लावणार. पुढे तीनच जण असताना बॉल हातात घेऊन धावणारा तुम्हाला नांगरून जाईल, मग परत सोमवारी नवं औषध.

डिव्हिजन वनमध्येसुद्धा सीझनमध्ये आठवड्याला २० तासच मिळतात, मीटिंग धरून. त्यात अकरा पोरांना किती शिकवणार? माझं मत: दोन कव्हरेज पक्की, तिसरं फक्त थर्ड डाऊनसाठी (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नासाठी). चौथं कागदावर लिहायचीही मुभा नाही. कोणी कोच मला पंधरा कव्हरेजची वही दाखवतो तेव्हा मी विचारतो, यातली किती तुमचा सर्वांत नवा पोरगा झोपेतून उठवून सांगू शकेल? उत्तर सहसा येत नाही, वही मिटली जाते.

बाकी बारीकसारीक

सरावात तुमच्यासमोर दुसऱ्या फळीचा क्वार्टरबॅक उभा असतो. त्याचा हात मंद, बॉल उशिरा निघतो, आणि सगळं कव्हरेज सुरेख दिसतं. शिटी घेऊन उभे राहा, अडीच सेकंदांत बॉल सुटला नाही तर वाजवा. बॉल वेळेत सोडवून घेतला की मंगळवारीच रडायला येतं, शनिवारची वाट बघावी लागत नाही.

एनएफएल बघून बघून पोरं रिसीव्हरला हात लावायला घाबरतात. पाच यार्डांपुढे हात लावायचा नाही, हा तिथला नियम कॉलेजात नाही. धरू नका, ओढू नका, पण सुरुवातीलाच वाटेत उभे राहा. त्याचं गणित बिघडलं की क्वार्टरबॅकचंही बिघडतं.

पास इंटरफिअरन्सची (बॉल हवेत असताना रिसीव्हरला अडवण्याच्या फाउलची) भीतीही तशीच उसनी. कॉलेजात त्याचा दंड जास्तीत जास्त १५ यार्ड आणि फर्स्ट डाऊन (समोरच्याला नव्याने चार प्रयत्न). चाळीस यार्डांवर पूर्ण हरलेला असाल तर काय करायचं ते मी छापील स्वरूपात सांगणार नाही.

टॅकल. पाच यार्डांची फेक आणि पुढे तीस यार्डांची धाव, हेही कागदावर पास डिफेन्सच्याच नावावर पडतं. त्याला कव्हरेज बदलून उपयोग नाही, पाय हलवा.

लाइनबॅकर (पुढच्या फळीमागचा बचावपटू) रन समजून पुढे धावतो आणि बॉल त्याच्या डोक्यावरून जातो, ही तक्रार रोजची. कॉलेजात ऑफेन्सच्या लाइनमनला (पुढच्या फळीतल्या खेळाडूला) पासवर तीन यार्ड पुढे जायची मोकळीक आहे, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे लाइनमनकडे बघून रन ओळखणारा लाइनबॅकर इथे फसणारच. त्याला ओरडू नका. त्याची नजर कुठे ठेवायची ते बदला, किंवा त्याच्या मागच्या सेफ्टीला त्या जागेची जबाबदारी द्या. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण लाइनबॅकर ऐकत नाहीत.

इंटरसेप्शन वाढवण्यासाठी खास सराव घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बॉल हवेत उडाला आणि तुमच्या अंगावर पडला तर देवाचे आभार माना.

भाच्याला शेवटी काल उत्तर दिलं. एकच ओळ: "स्नॅपच्या आधीपासूनची पाठव." त्याचं म्हणणं, ती फाइल खूप मोठी आहे, आणि आधी तर काहीच होत नाही, नुसते उभे असतात. मी म्हटलं, ते नुसते उभे असलेलेच पाठव. अजून आलेली नाही.