तळघरातील रेडॉन मोजताना आणि कमी करताना या चुका टाळा

अमेरिकेत घर विकत घेताना तपासणी अहवालात ‘रेडॉन’ हा शब्द अनेक मराठी कुटुंबांच्या पहिल्यांदाच नजरेस पडतो आणि व्यवहार पूर्ण झाला की विस्मरणात जातो. जमिनीतील युरेनियमच्या क्षयातून तयार होणाऱ्या या किरणोत्सारी वायूला रंग नाही, गंध नाही. घराच्या पायाला पडलेल्या भेगा आणि तळघरात साचणारे पाणी उपसण्यासाठी केलेल्या ‘संप’च्या खड्ड्यातून तो घरात शिरतो. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने होतात, म्हणून ही दिरंगाई मला गंभीर वाटते.

शेजाऱ्यांकडे पातळी कमी निघाली म्हणून आपल्या घरातही ती कमीच असेल, असे मानणे ही सर्वांत मोठी चूक आहे. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणाऱ्या स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे तेथील किरणोत्सार-सूचक यंत्रे वाजू लागली. शोध घेतल्यावर दोष केंद्रात नव्हे, तर त्यांच्या घरात निघाला, जिथे रेडॉनची पातळी हवेच्या लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक) होती. उपाययोजनेची अमेरिकी मर्यादा ४ पिकोक्युरी आहे. मात्र ३.९ आकडा आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली १०० बेकरेल (किरणोत्साराचेच दुसरे एकक) प्रति घनमीटर ही पातळी म्हणजे सुमारे २.७ पिकोक्युरीच आहे.

अल्पकालीन चाचणीच्या आधी १२ तास आणि चाचणी संपेपर्यंत खिडक्या व बाहेरची दारे बंद ठेवावी लागतात. नेमके हेच पाळले जात नाही आणि आकडा खोटा कमी येतो. चाचणीचा संच स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात ठेवू नये. राहण्याच्या वापरातील सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून किमान २० इंच उंचीवर तो असावा. संचात रेडॉन शोषणाऱ्या कोळशाचा डबा असेल, तर चाचणीनंतर तो प्रयोगशाळेकडे त्वरित पाठवावा, कारण रेडॉनचे अर्धायुष्य जेमतेम ३.८ दिवसांचे असते. हिवाळ्यात उबदार हवा वर चढते आणि तळघर मातीतील वायू ओढून घेते. त्यामुळे केवळ उन्हाळ्यातील एका चाचणीवर विसंबू नये, ९० दिवसांहून अधिक काळ चालणारी चाचणी वर्षभराच्या सरासरीच्या अधिक जवळ जाते.

पातळी जास्त निघाल्यावर केवळ भेगा बुजवून थांबणे पुरेसे नाही. तळघराच्या काँक्रीटच्या लादीखालची हवा पाइप व पंख्याने ओढून छपरावर सोडणे हा खात्रीचा मार्ग आहे. पंखा तळघरात बसवू नये, कारण त्याच्या पुढील पाइपला गळती लागली तर तोच वायू घरात पसरतो. त्याची जागा माळ्यावर किंवा घराबाहेर असते.

पंखा चालू असूनही आकडा उतरत नसेल, तर आधी पाइपवरील यू आकाराची नळी पाहावी: तिच्या दोन्ही बाजूंचा द्रव समपातळीत असेल, तर हवा ओढली जात नाही. त्यानंतर संपचे झाकण, लादीच्या कडा आणि घराखालच्या पोकळीतील उघडी माती तपासावी.

भारतातून आलेले आई-वडील सहा-सहा महिने ज्या तळघरातील खोलीत झोपतात, तिची चाचणी ते येण्यापूर्वी करावी. यंत्रणा बसवल्यावर २४ तासांनंतर व ३० दिवसांच्या आत, आणि पुढे दर दोन वर्षांनी ती पुन्हा करावी.